आकडा दिसला पाहिजे

सुरुवातीलाच सांगून टाकतो, काकांच्या स्कॅनरला काहीही झालेलं नव्हतं. आवाज खणखणीत येत होता, बटणं दाबली जात होती, छपरावरची अँटेना जागच्या जागी होती. फक्त समोरच्या काचेवरचे आकडे दिसेनासे झाले होते. तेही अगदीच नाही असं नाही. सकाळच्या वेळी, पडदा अर्धा सरकवून, खुर्चीतून किंचित उठून, डावीकडून वाकून पाहिलं तर अजून दिसत. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. हाच व्यायाम डॉक्टरांनी सांगितला असता तर त्यांनी डॉक्टर बदलला असता.

काका माझे सख्खे नव्हेत. न्यू जर्सीत ठरावीक वयापुढचा मराठी माणूस गणेशोत्सवात दोनदा भेटला की आपोआप काका होतो. हे काका सत्तरच्या दशकात पुण्याहून आले, एडिसनजवळ घर घेतलं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी त्यांनी हा स्कॅनर घेतला. स्कॅनर म्हटल्यावर कागद ठेवून झाकण लावायचं ते यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. हा रेडिओच असतो, पण गाणी न लावणारा. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, विमानतळ, रेल्वे, बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारे ट्रक ही मंडळी आपापसांत जे बिनतारी बोलतात ते हा ऐकतो. नेमून दिलेल्या वाहिन्यांवरून तो सेकंदाला पंचवीसेकच्या वेगाने फिरत राहतो आणि जिथे कुणी बोलताना सापडेल तिथे थांबून आपल्यालाही ऐकवतो. आपल्याकडे चाळीत हे काम विनायंत्र आणि फुकट होत असे.

भारतात १९३३च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाच गुन्हा होता. साधा घरगुती रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. त्या शिस्तीत वाढलेला माणूस अमेरिकेत येतो आणि पाहतो तर पोलिसांचं बोलणं ऐकायचं यंत्र दुकानात काचेच्या कपाटात मांडून ठेवलंय, वर किमतीची चिठ्ठी. काका म्हणतात, लोकशाही म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काकू म्हणतात, त्या दिवशी सोफा घ्यायला गेले होते.

"ऐकू येतंय ना? मग बघायचंय काय?" हा प्रश्न काकूंनी आकडे पुसट झाल्याच्या पहिल्याच दिवशी विचारला. तर्काला धरून चालायचं तर हा लेख इथेच संपायला हवा.

शिवाय काकूंच्या बाजूने इतिहासही आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंना एक हिरवा डोळा असायचा. मॅजिक आय. १९३५ साली आरसीएने ही नळी बाजारात आणली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं ती जगभरच्या रेडिओंवर चमकत राहिली. स्टेशन नेमकं लागलं की हिरव्या प्रकाशातली सावली आक्रसत जायची, सुटलं की पुन्हा पसरायची. या डोळ्याचं आयुष्य काही हजार तास. मग तो मंद व्हायचा आणि शेवटी त्याला मोतीबिंदू झाल्याचं घरातले सगळे गृहीत धरायचे. काकांच्या वडिलांच्या सदाशिव पेठेतल्या रेडिओचा डोळा असाच गेला होता. त्यानंतर त्या रेडिओवर बातम्या, क्रिकेट, नाट्यसंगीत, सगळं वर्षानुवर्षं ऐकलं गेलं. काटा फिरवणारी दोरी तुटल्यावर तर काटा कायमचा एका जागी बसला, तरी वडील नुसत्या कानांनी हवं ते स्टेशन लावत. ही हकिकत काकांनीच मोठ्या अभिमानाने मला सांगितली आहे. फक्त ती आपल्यालाही लागू पडते, हे त्यांना मान्य नाही.

आणि एकट्या काकांना कशाला हसायचं? लिफ्टमधला माणूस दारावरच्या आकड्याकडे टक लावून उभा असतो. त्याने बघितलं नाही म्हणून लिफ्ट काही मजले विसरणार नसते. मनगटावर घड्याळ बांधून चालून आलेला माणूस दमला की नाही हे पायांना विचारत नाही, घड्याळाला विचारतो. आकडा समोर असल्याशिवाय झालेली गोष्ट झाली असं आपल्याला वाटतच नाही. काकांच्या स्कॅनरवर पोलीस चोर पकडत होते, पण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर पकडत होते ते दिसत नव्हतं. त्यामुळे काकांच्या लेखी चोर मोकळाच होता.

दुरुस्तीला मला बोलावण्याचं कारण असं, की मी 'कॉम्प्युटरमधला' आहे. मी विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. माझ्या प्रोग्रॅमला स्क्रू नसतात. पण काकांच्या पिढीची अशी ठाम समजूत आहे, की वीज लागणाऱ्या आणि इंग्रजी अक्षरं असणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच खात्यात येतात.

पहिला संशय आकड्यांमागच्या उजेडावर गेला. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत आकड्यांमागे बल्ब नसून उजेडाचा एक सपाट तुकडाच बसवलेला असे. त्यात झिंक सल्फाइडची भुकटी, तिला शंभरेक व्होल्टचा उलटसुलट प्रवाह दिला की ती निळसर हिरवी उजळते. फार सुंदर दिसतं. अडचण एवढीच, की तो उजेड काही हजार तासांत निम्म्यावर येतो आणि दमटपणा लागला तर आणखी लवकर. वर्षाचे तास होतात ८,७६०. काकांनी स्कॅनर घेतल्यापासून बंद केलेला नव्हता. "बंद केला आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?" हा त्यांचा प्रश्न. म्हणजे हा उजेड बुश थोरले अध्यक्ष असतानाच निम्मा झाला असणार. उरलेल्या निम्म्यात काकांनी आणखी पाच अध्यक्ष काढले.

तिथे पांढऱ्या एलईडीची पट्टी बसवली. उजेड असा पडला, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं. आकडे मात्र तसेच पुसट राहिले, उलट आता ते पुसट आहेत हे लांबूनही स्पष्ट दिसू लागलं.

मग आणखी आत शिरलो. काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी असते, तिला झेब्रा म्हणतात. वीज वाहून नेणारा काळा थर, न नेणारा थर, पुन्हा काळा, अशी तिची रचना. तिला डाग द्यायचा नसतो, ती नुसती दाबून बसवायची असते. तिच्या टोकांवर मळ साठला की आकड्यांचे अवयव गळू लागतात. काकांच्या स्कॅनरमध्ये हेही सुरू झालेलं होतं. आठाचा शून्य होई, नवाचा तीन होई आणि सात अधूनमधून एक होऊन उभा राही. ज्याला काका तीन वर्षं 'नवीन रुग्णवाहिका सेवा' समजत होते, ती जुनीच निघाली. तिच्या आकड्याचा एक पाय गेला होता एवढंच. कापसावर अल्कोहोल घेऊन पट्टी पुसली आणि आकड्यांना हातपाय परत आले. पुसटपणा हलला नाही.

उरला पोलरायझर. खरा रोगी तोच होता, आणि त्याची कुळकथा मी काकांना सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं काकूंचं मत आहे.

घड्याळ, कॅल्क्युलेटर, स्कॅनर, कुठल्याही एलसीडीच्या काचेत द्रवस्फटिकाचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. काचेच्या पुढे-मागे पोलरायझरच्या दोन फिल्म, एकमेकींना काटकोनात. एकेक फिल्म फक्त एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडते. त्यामुळे पहिलीतून आलेला प्रकाश दुसरीने अडवायला हवा, पण मधला द्रवस्फटिक त्याला पाव वळसा देतो आणि तो सुटतो. वीज लावली की वळसा जातो, प्रकाश अडतो आणि तेवढ्या भागात काळी रेघ उमटते. हे वळशाचं पेटंट १९७० साली स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीने घेतलं. द्रवस्फटिक मात्र त्याच्या खूप आधी, १८८८ साली प्रागमध्ये सापडला, आणि तो कुणा भौतिकशास्त्रज्ञाला नाही. फ्रीडरिश राइनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होते. त्यापासून बनवलेला एक पदार्थ त्यांच्यासमोर दोनदा वितळला. १४५.५ अंशांना गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना नितळ. एकदा वितळलेली वस्तू पुन्हा वितळते हे पाहून दुसरा कुणी थर्मामीटर बदलायला गेला असता. राइनित्झरांनी पत्र लिहून एका भौतिकशास्त्रज्ञाचा सल्ला घेतला.

हे झालं गाजर. आता कुत्रा.

१८५२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापथ यांच्या एका शिष्याने क्विनाईन पाजलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीनचे थेंब टाकले. का, असं विचारायचं नाही. असल्या प्रश्नांपाशी अडून बसलं असतं तर विज्ञान आज कुठेच नसतं. लघवीत चमकदार हिरवे स्फटिक तयार झाले. हेरापथांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर दोन स्फटिक एकमेकांवर आडवे पडले की तिथे काळोख होत होता. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९२९ साली, अमेरिकेत एडविन लँड नावाच्या, विशीही न गाठलेल्या पोराने असलेच बारीक स्फटिक फिल्ममध्ये ओळीने बसवण्याची युक्ती काढली आणि तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पोलरॉइड कंपनीचे लँड ते हेच. नंतर त्यांनी प्लॅस्टिकची फिल्म ताणून तिलाच आयोडीन पाजायला सुरुवात केली आणि कुत्र्यांचा या धंद्याशी संबंध संपला.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही दिवाणखान्यात हे ठेवलं होतंत?" काकूंनी विचारलं.

ताणलेल्या फिल्ममधलं आयोडीन उष्णता आणि दमट हवा यांना टिकत नाही. ते उडालं की फिल्म नुसतं प्लॅस्टिक होते, सगळाच प्रकाश सोडते आणि आकडे पुसट होत जातात. फिल्मच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं आवरण असतं, ते कुजलं की अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. समोरचा भाग उघडल्याबरोबर व्हिनेगरचा भपकारा आला. स्वयंपाकघरातून काकूंनी ओरडून विचारलं, की बाटली कुणी उघडी टाकलीय. काकांचा चेहरा मात्र उजळला. रोगाला वास आहे म्हणजे रोग खरा आहे, आपल्या डोळ्यांचा दोष नव्हे. गेली दोन वर्षं ते चष्म्याचा नंबर वाढवून घेत होते.

जुनी फिल्म काढणं हे शस्त्रक्रियेचं काम. काच पातळ, कोपऱ्यातून ब्लेडचं पातं आडवं घालायचं, फिल्म सुटेल तेवढीच उचलायची, खाली राहिलेला चिकट थर अल्कोहोलने भिजवून हळूहळू पुसायचा. जोर केला की काच जाते, आणि काच गेली की बाजारात दुसरी नाही. काका पूर्वी पुण्यात तपकीर गल्लीत तासन्‌तास उभे राहून सुटे भाग शोधत असत. तिथल्या दुकानदाराला तुटका तुकडा दाखवला की तो न बघताच "आहे" म्हणायचा आणि मग शोधायला लागायचा, असं ते सांगतात. इथे न्यू जर्सीत नवी फिल्म चीनहून टपालाने यायची होती, आणि ती यायला वेळ लागणार होता.

हा मधला काळ काकांच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा गेला असं मला वाटतं. कारण पुढची फिल्म काढल्यावर काचेवर काहीच दिसत नाही. आकडे तिथे असतात, प्रकाशाला वळसे पडत असतात, पण आपल्या डोळ्यांना कोरी काच. मात्र गाडी चालवताना घालायचा पोलराइज्ड गॉगल चढवून पाहिलं, की आकडे स्पष्ट! कारण काढलेल्या फिल्मचं काम आता गॉगल करतो. फिल्मचा कोन आणि गॉगलचा कोन मात्र जुळावा लागतो. काकांच्या स्कॅनरची फिल्म पंचेचाळीस अंशांत होती. म्हणजे मान उजवीकडे पंचेचाळीस अंश कलवली की उजळ पाटीवर काळे आकडे, डावीकडे तितकीच कलवली की काळ्या पाटीवर उजळ आकडे, आणि मान सरळ ठेवली की धड ना हे, धड ना ते.

त्या दिवसांत त्यांच्याकडे गेलं की दृश्य असं असायचं. बाहेर अंधार, बर्फ, घरात टेबलावर स्कॅनर, समोर काका, डोळ्यांवर काळा गॉगल, मान एकदा या खांद्याकडे, एकदा त्या खांद्याकडे. काकूंच्या भिशीतल्या बायकांना वाटलं योग चालू आहे. एकीने कोणत्या गुरुजींचा असं विचारलं. काका मात्र वेगळ्याच धुंदीत होते. जगात फक्त त्यांनाच दिसणारे आकडे त्यांच्यासमोर धावत होते. "अरे, चोर आला तरी त्याला वाटेल यंत्र बिघडलंय," ते मला म्हणाले. हा चोर न्यू जर्सीतलं एक घर फोडून चाळीस वर्षांपूर्वीचा रेडिओ कशासाठी नेईल, असं मी विचारलं नाही.

फिल्म आली. काकांनी ती स्वतः लावली, आणि नव्वद अंश फिरवून लावली. काळ्या पाटीवर हिरवट पांढरे आकडे झळकले. मी म्हटलं, काका, उलटी लागलीय. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "उलटी नाही. ही नवी आवृत्ती." पुढचे चार दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी हेच सांगितलं. पाचव्या दिवशी उन्हात काहीच वाचता येईना, तेव्हा फिल्म पुन्हा काढून सरळ केली.

आणि एकदाचे आकडे आले! काळे, ठसठशीत, कुठल्याही बाजूने पाहा. फक्त ते सगळे शून्य होते.

असल्या जुन्या यंत्रांत वाहिन्यांची आठवण ९ व्होल्टच्या एका छोट्या बॅटरीवर तगलेली असते. ती बॅटरी दुरुस्तीच्या गडबडीत निघून किती काळ बाजूला पडली होती कोण जाणे. ४०० वाहिन्या पुसल्या गेल्या. काका डगमगले नाहीत. त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. पानापानांवर तीन रकाने, नुसते आकडे, काहींच्या भोवती लाल वर्तुळं, समासात तारखा. मुंबई पोलिसांनी साठच्या दशकात ही वही पाहिली असती तर मटक्याच्या गुन्ह्यात काकांना जामीनसुद्धा मिळाला नसता. मी वाचायचं, त्यांनी बटणं दाबायची, असा कार्यक्रम सुरू झाला, आणि आकडे दिसल्यावर आता कुणीतरी बोलेल अशी वाट पाहण्यात संध्याकाळ गेली.

कुणी बोलेना.

मधल्या वर्षांत जग गप्प झालं होतं, आणि पुसट आकड्यांमुळे काकांना ते नीटसं कळलं नव्हतं. पोलीस पुष्कळ ठिकाणी डिजिटल झाले, कित्येकांनी बोलणं सांकेतिक केलं. २०२३ पासून शेजारच्या न्यू यॉर्क शहराच्या पोलिसांनीही तेच सुरू केलं. वहीतलं एक अख्खं पान मोबाइल फोनचं होतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतले मोबाइल अ‍ॅनालॉग होते आणि स्कॅनरवर सरळ ऐकू येत. १९८६ साली ते ऐकणं कायद्याने बंद झालं, म्हणून रेडिओशॅकचा प्रो-२००४ हा गाजलेला स्कॅनर तेवढा पट्टा बंद करून विकायला आला. आतला एक डायोड कापला की तो पट्टा पुन्हा उघडतो, ही बातमी मात्र स्कॅनरवाल्यांत त्याहून वेगाने पसरली. १९९४च्या एप्रिलपासून असे स्कॅनर बनवायलाच बंदी आली. तरी १९९६च्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या एका जोडप्याने गाडीतल्या स्कॅनरवर रिपब्लिकन पुढाऱ्यांचं फोनवरचं बोलणं पकडलं. त्या बोलण्यात प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिचही होते. ते टेप केलं, ती टेप वर्तमानपत्रापर्यंत पोहोचली, देशभर गहजब झाला आणि नवरा-बायकोला प्रत्येकी ५०० डॉलर दंड बसला. काकूंनी ही बातमी तेव्हा कापून फ्रिजवर लावली होती. 'प्रत्येकी' या शब्दाखाली रेघ मारून. अ‍ॅनालॉग मोबाइलची सक्ती २००८च्या फेब्रुवारीत संपली. त्या पानावर काकांनी आता तिरकी रेघ मारली, पण आकडे यंत्रात भरलेच. "असू देत," म्हणाले.

चोवीस तास बोलणारा एकच उरला. १६२.५५० मेगाहर्ट्झवर सरकारी हवामान केंद्र. तिथला आवाज संगणकाचा. तो न दमता, न खाकरता लाटांची उंची सांगतो. एडिसनला समुद्र नाही, पण काकांना लाटांची उंची पाठ आहे.

आता स्कॅनर दिवाणखान्यात मध्यभागी आला आहे. आकडे धावतात, इतक्या वेगाने की ते वाचता येत नाहीत, नुसती थरथर दिसते. पाहुण्यांना सोफ्यावर बसवलं जातं, दिवे कमी केले जातात. परवा आम्ही असेच बसलो होतो. काकूंची मालिका लागली. त्या म्हणाल्या, "अहो, ती खरखर बंद करा." काकांनी क्षणाचाही विलंब न लावता आवाजाची कळ शून्यावर नेली आणि पुन्हा काचेकडे पाहू लागले. थोड्या वेळाने थरथर थांबली. ११८.३००, एकही अवयव न गळलेले सहा आकडे.

"थांबला!" काका खुर्चीतून उठले. "नेवार्कचा टॉवर! विमान उतरतंय!"

"काय म्हणतोय?" काकूंनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

"ते कसं कळणार? आवाज तूच बंद करायला लावलास ना?"